तांबड्या अकीकाची नक्कल: भाचीस पत्र

नागपूर, फाल्गुन



पॉलिमर क्लेपासून रत्नांसारखे मणी घडवण्याचा ध्यास जिने घेतला आहे, तिने रंगांची पाकिटे विकत आणण्यापूर्वी ज्या दगडाची नक्कल करायची तो दगड जमिनीत कसा तयार झाला हे जाणून घ्यावे. रंग तंतोतंत जुळला आणि घडण चुकली, तर मणी प्लास्टिकचाच दिसतो. उलट घडण साधली, तर रंगात थोडे उणे-अधिक झाले तरी पाहणाऱ्याची नजर तो दगड म्हणून स्वीकारते. या विद्येतील बहुतेक अपयश हाताच्या कौशल्याअभावी येत नाही, दगड न पाहिल्यामुळे येते. आणि नागपुरात राहणाऱ्या मुलीला दगड पाहण्याची जी सोय आहे ती फार थोड्या शहरांत आढळते.

नागपूर हे दख्खनच्या लाव्हा-पठाराच्या पूर्व कडेवर वसले आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती, आणि तिच्या पश्चिमेकडचा प्रदेश, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, स्फटिकी आणि पट्टेदार खडक लागतो. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून खडकात पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पुढे सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि सिलिकेचा एकेक पातळ थर पोकळीच्या भिंतीला धरून आतल्या दिशेने साचत गेला. या थरांच्या दगडाला अकीक म्हणतात, आणि त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस-नारिंगी झालेल्या, बहुधा पट्टे नसलेल्या प्रकाराला कार्नेलियन म्हणतात. कार्नेलियनचा गडद तांबडेपणा पुष्कळदा निसर्गाने अर्धाच दिलेला असतो आणि माणसाने भट्टीत पूर्ण केलेला असतो: पिवळसर-तपकिरी दगड मंद आचेवर तापवला की त्यातील लोहसंयुगातले पाणी निघून जाते व दगड लाल होतो. गुजरातमधील खंबातचे कारागीर ही रीत पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. म्हणजे ज्याला अस्सल रत्न म्हणून मान मिळतो त्याच्याही रंगात कारागिराचा हात आहे, हे नक्कल करणारीने ध्यानी ठेवावे.

या दगडांचे मणी घडवण्याचे एक मोठे प्राचीन केंद्र नागपूरच्या वायव्येस, सुमारे 15 किलोमीटरवर, काटोल रस्त्याच्या बाजूला माहुरझरी येथे होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील शिलावर्तुळे, म्हणजे मृतांच्या दफनाभोवती मोठमोठे धोंडे गोलाकार रचून केलेली स्मारके, तेथे आहेत, डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली 1970 ते 1972 या काळात नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खनन केले, आणि पुढे या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही तेथे काम केले. अकीक, कार्नेलियन, जास्पर आणि स्फटिक यांचे तयार मणी, तसेच अर्धवट घडवून टाकून दिलेले मणी आणि दगडाच्या ढलप्या तेथे सापडल्या. शिकणारीच्या दृष्टीने अर्धवट मण्यांचे मोल तयार मण्यांहून अधिक आहे, कारण काम कोणत्या क्रमाने चालत होते ते त्यांवरून कळते: आधी ठोकून आकार, मग घासणे, मग भोक, शेवटी झिलई. भोक सहसा दोन्ही टोकांकडून पाडत, आणि दोन भोके मध्यभागी जुळत तेथे कधी कधी बारीकशी पायरी राहून जाई. मातीच्या मण्यालाही सुईने एकाच बाजूने आरपार भोसकू नये. अर्धे भोक एका टोकाकडून आणि अर्धे दुसऱ्याकडून फिरवत न्यावे, म्हणजे पलीकडच्या तोंडाशी माती फुगून कडा येत नाही आणि मणी जुन्या दगडी मण्याच्या रीतीने घडतो.

नक्कल ही हीन गोष्ट आहे असा न्यूनगंड तिने बाळगू नये, कारण नकलेची परंपरा अस्सलाइतकीच जुनी आहे. कार्नेलियनवर अल्कली द्रव्याने रेघा काढून तो तापवला की त्या रेघा दगडात पांढऱ्या उमटतात. हे नक्षीदार मणी सिंधू संस्कृतीत अत्यंत मौल्यवान होते, माहुरझरीतही सापडले आहेत, आणि पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंधमधील सेहवान येथे ही रीत जिवंत असल्याचे पाहून नोंदवून ठेवले. परंतु ज्या सिंधू संस्कृतीने हे मणी घडवले तिनेच शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या मण्यांवर तांबडा रंग चढवून त्यांची स्वस्त नक्कलही केली होती. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की भारतातील लोक स्फटिकाला रंग देऊन वैडूर्यासारखी रत्ने बनवतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांच्या परीक्षेला स्वतंत्र प्रकरणे द्यावी लागली, यावरूनही खऱ्या-खोट्याचा प्रश्न त्या काळी किती नित्याचा होता हे दिसते.

आता द्रव्याविषयी. पॉलिमर क्ले ही माती नव्हे. पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे एक तेलकट मृदुकारक द्रव्य, रंगद्रव्ये आणि थोडी भर यांचे ते मिश्रण असते. त्यात पाणी नसल्यामुळे ते उघड्यावर वाळत नाही; 110 ते 135 अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापवले की पीव्हीसीचे कण मृदुकारक शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि कायमचे घट्ट होतात. जर्मनीत बाहुल्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या केथे क्रूझे यांच्या घरात 1930 च्या दशकाच्या अखेरीस या द्रव्याचे प्रयोग सुरू झाले आणि 1960 च्या दशकात एबरहार्ड फाबर कंपनीने ते फिमो या नावाने बाजारात आणले. आपल्याकडे मात्र हवेत वाळणारी क्लेदेखील पुष्कळदा पॉलिमर क्ले याच नावाने विकली जाते. ती वेगळी वस्तू आहे, वाळताना आकसते, आणि तिच्यात दगडाची खोली येत नाही, म्हणून पाकिटावर भाजण्याचे तापमान छापलेले आहे की नाही हे पाहूनच खरेदी करावी.

पहिला दगड म्हणून पुष्कळ जणी पिरोजा निवडतात, कारण तो सोपा आहे: निळसर-हिरव्या क्लेचे बारीक तुकडे करायचे, त्यांना तपकिरी अॅक्रिलिक रंग चोपडायचा, वाळल्यावर एकत्र दाबायचे, आणि भाजून घासले की तुकड्यांमधील रंगाच्या रेषा खडकाच्या शिरांसारख्या दिसतात. परंतु पिरोज्याने सुरुवात करू नये, असे आग्रहाचे सांगणे आहे. पिरोजा अपारदर्शक असल्यामुळे त्यात सगळे कर्तृत्व पृष्ठभागाचे असते आणि शिकणारीला खोलीचा विचार करण्याची गरजच पडत नाही. ती सवय लागली की पुढे प्रत्येक दगड रंगवलेला दिसू लागतो. सुरुवात कार्नेलियनने करावी. त्यासाठी अर्धपारदर्शक क्ले घ्यावी, जिच्यावर ट्रान्सलुसंट असे छापलेले असते, आणि बोराएवढ्या गोळ्यात ज्वारीच्या दाण्याएवढाच रंगीत कण मिसळावा. शिकाऊ हात येथे हमखास सढळ होतो आणि मणी लाल मेणासारखा बंद पडतो. नारिंगी, तांबडी आणि किंचित तपकिरी अशा तीन फिक्या छटा वेगवेगळ्या मळून त्या अर्धवटच एकत्र कराव्यात, म्हणजे दगडात लोह जसे कुठे दाट, कुठे विरळ असते तसा ढगाळपणा राहील. भाजल्यावर अर्धपारदर्शक क्लेचा रंग अधिक गडद होतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाची चकती आधी भाजून, तिच्यामागे प्रमाण लिहून जपून ठेवावी. भाजताच मणी बर्फाच्या पाण्यात टाकले तर पारदर्शकता थोडी वाढते. क्लेत कधी कधी चंद्रकोरीसारखे फिके डाग उमटतात. इतर कामांत तो दोष मानतात, कार्नेलियनमध्ये मात्र ते डाग दगडाच्या आतील उणिवांसारखे दिसतात आणि राहू द्यावेत.

नक्षीदार मण्यासाठी भाजलेल्या मण्यावर टोकदार हत्याराने बारीक चर कोरावी, तीत मऊ पांढरी क्ले भरावी, वरची पुसून घ्यावी, पुन्हा भाजावे आणि मग घासावे. पांढरा रंग शुभ्र नसावा. अल्कलीने उमटलेली रेघ दगडाच्या पृष्ठभागात थोडी मुरलेली असते, तिच्या कडा किंचित विरघळलेल्या दिसतात, म्हणून पांढऱ्या क्लेत अर्धपारदर्शक आणि कणभर पिवळसर मिसळावे.

पट्टेदार अकीक हा खरा कस पाहणारा दगड आहे, आणि तो बनवताना जी चूक सर्रास होते ती अशी की निरनिराळ्या रंगांच्या क्ले एकत्र पिळून संगमरवरासारखी भोवरेदार नक्षी काढली जाते. अकीकात पट्टे एकमेकांना कधीही छेदत नाहीत. ते पोकळीच्या भिंतीला समांतर, तिची वळणे पाळत आत आत जातात, आणि मध्यभागी पुष्कळदा न भरलेली किंवा स्फटिकांनी भरलेली जागा राहते. म्हणून क्लेचा अकीक आतून बाहेर रचावा: मध्ये अर्धपारदर्शक क्लेच्या खडबडीत तुकड्यांचा ओबडधोबड गाभा, त्यावर राखाडी, पांढरट, मधाळ आणि निळसर अशा जाडीने असमान अर्धपारदर्शक पत्र्यांची एकावर एक गुंडाळी, आणि सर्वांत बाहेर गडद हिरवट-तपकिरी साल, कारण बेसॉल्टमधील अकीकाला पुष्कळदा हिरवट खनिजाचे आवरण असते. मग ती वळकटी बोटांनी दाबून वाकडीतिकडी करावी, म्हणजे सगळे पट्टे एकदम एकाच वळणाने वळतील, आणि धारदार पात्याने काप काढावेत. शेवाळी अकीकात शेवाळ नसते, खनिजांची वाढ असते. तेव्हा त्यात वाळवलेली पाने घालण्याऐवजी गडद हिरव्या क्लेचा अगदी बारीक चुरा अर्धपारदर्शक क्लेत विरळ पसरावा. लाजवर्दाविषयी एवढेच, की त्यातील सोनेरी ठिपके पायराइट या खनिजाचे असतात आणि ते थोडे व एकीकडे गोळा झालेले असतात, सर्वत्र शिंपडलेले नसतात.

भाजण्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. घरगुती ओटीजीचा काटा आणि आतील तापमान यांत पुष्कळ अंतर पडते, म्हणून आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवावा; मणी सळईपासून दूर, फरशीच्या टाइलवर ठेवून वर फॉइलचे सैल आच्छादन घालावे आणि पाकिटावरील तापमान व वेळ पाळावी. मायक्रोवेव्ह वापरू नये. तापमान फार वाढून क्ले जळली तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घातक वायू सुटतो. तशा वेळी ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर पडावे. या कामाची पाती, लाटणे आणि ताटल्या स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नयेत. घासण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर 400 पासून 600, 800, 1000 अशा क्रमाने 2000 पर्यंत वापरावा, आणि घासणे नेहमी पाण्याखाली करावे, म्हणजे पूड श्वासात जाणार नाही. शेवटी जीन्सच्या कापडावर जोराने चोळावे. अकीकाची झिलई ही वार्निशच्या थराची नसते, दगड स्वतःच चमकत असतो, म्हणून वार्निश लावू नये. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि तोच मण्याचा दगड करतो.

नागपूरचा उन्हाळा तोंडावर आला आहे. वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा बंद खोलीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेली कच्ची क्ले हळूहळू अर्धवट घट्ट होऊ लागते आणि मळताना भुरभुरते. तेव्हा ती पिशवीत घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी. काही कडक पारदर्शक प्लास्टिकचे डबे मृदुकारकाने विरघळून चिकट होतात, यासाठी काचेची बरणी बरी.

तिने आधी सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात आणि जे 1863 पासून आहे, विदर्भातील पुरातन वस्तूंसमोर वही घेऊन बसावे, आणि नदीपात्रात किंवा मुरुमात मिळणारे साधे अकीकाचे खडे ओले करून उजेडात धरून पाहावेत. माहुरझरीला गेल्यास तेथील शेतातून एकही मणी उचलू नये. उत्खननस्थळावरील वस्तू ज्या जागी पडलेली असते त्या जागेमुळेच अभ्यासकाशी बोलते, आणि पुरावस्तूंना 1972 च्या कायद्याचे संरक्षण आहे.

विक्री करावयाची झाल्यास प्रत्येक माळेला जोडलेल्या चिठ्ठीवर ‘पॉलिमर क्ले, कार्नेलियनसारखी’ असे मराठीत ठळक लिहावे. खऱ्या कार्नेलियनची घनता पाण्याच्या सुमारे 2.6 पट असते आणि तो हाताला गार लागतो, त्यामुळे जाणकार फसणार नाही. पण ग्रहशांतीसाठी खडा शोधणारा भाबडा ग्राहक फसू शकतो, आणि खोटी माहिती देऊन वस्तू विकणे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. इतवारीच्या सराफ्यातून कोणी चिठ्ठीविना मणी मागितले, किंवा मणी जुनाट दिसावेत म्हणून काजळीत घोळून देण्याची अट घातली, तर ते काम कितीही पैशांचे असले तरी तिने स्वीकारू नये.

अकीकाचे पहिले पाच काप भाजून झाले की, घासण्यापूर्वी, दाखवण्यास आणावेत. पट्टे कुठे तुटले हे घासल्यानंतर कळत नाही.

कळावे. मामाचे आशीर्वाद.