न विचारता मारलेला फॉरमॅट

"सॉफ्टवेअर उडालंय काकू, फॉरमॅट मारावा लागेल." बंद पडलेला कॉम्प्युटर नीट न बघता जो माणूस पहिल्या दोन मिनिटांत हे बोलतो, त्याच्याकडे आपला सीपीयू ठेवून येऊ नका. उचला आणि घरी आणा. मला ती संधीही मिळाली नाही, कारण हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोललंच नाही. "फॉरमॅट मारून दिलाय, घेऊन जा," असा थेट फोन आला.

मी चिपळूणला घरी बसून लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका करून देते. कॉम्प्युटर जुना, माझ्या भाच्याने कॉलेजात असताना असेंबल करून दिलेला. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी सगळ्यात आधी सीपीयू माळ्यावर चढवला होता. त्यात माझं काम होतं आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई आता नाही. पुराने जे सोडलं, ते एका दुकानात गेलं.

दुकानात मी काय सांगितलं ते नीट लिहिते, कारण नंतर मला ऐकवण्यात आलं की, "तुम्ही काही बोलला नाहीत." मी पहिलंच वाक्य घड्याळाचं बोलले होते. आमच्याकडे पावसात वीज कडकडायला लागली की रात्री प्लग काढून ठेवतात, आम्हीही ठेवतो. अलीकडे असा प्लग काढला की सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलेलं असायचं. रात्री दहाला बंद केला तर सकाळी सव्वादहाच दाखवायचं. मग एके दिवशी काळ्या पडद्यावर 'एफ वन दाबा' असं आलं. दाबल्यावर विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळा पडदा, खाली 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तो पुन्हा पुन्हा स्वतःच बंद-चालू होत राहिला. मी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला होता आणि तो फोटो दुकानदारापुढे धरलाही होता. त्याने नजर टाकली, "हो हो, बघतो," म्हणाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या प्रिंटरकडे वळला. डेस्कटॉपवर माझं काम आहे, काही करण्याआधी फोन करा, हेही मी बजावून आले होते.

घरी आणून लावला तर सुरू झाला. निळा नवा कोरा पडदा आणि कोपऱ्यात एकटा रिसायकल बिन. माझे फोल्डर नाहीत. फोन लावला तर म्हणतो, "काकू, डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, तुमचा डेटा सेफ आहे." डी उघडला. जुन्या पत्रिका होत्या तिथे, पण फॉन्ट विंडोजबरोबर गेले होते. जिथे 'श्री लक्ष्मीनारायण प्रसन्न' असायचं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची रांग. नवऱ्यामुलाचं नाव, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, सगळं तसंच. त्या हंगामाचं चालू काम आणि ओव्या डेस्कटॉपवर होत्या.

खरा धक्का दुसऱ्या सकाळी बसला. रात्री प्लग काढला होता. सकाळी लावला तर काळा पडदा, 'एफ वन दाबा', आणि तारीख २०१० सालची. ज्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला त्या दिवशीचीच अक्षरं, जशीच्या तशी. तेव्हा मला समजलं की दुखण्याला कुणी हातच लावलेला नाही. माझा डेटा गेला होता आणि बिघाड जागेवर होता.

भाचा आला तेव्हा त्याने आधी विचारलं, "मावशी, घड्याळाचं त्याला सांगितलं होतंस?" मग त्याने झाकण उघडून मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल दाखवला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, पन्नास रुपयांच्या आत. प्लग काढल्यावर घड्याळ चालू ठेवणं आणि बोर्डाचं सेटिंग लक्षात ठेवणं हे या सेलचं काम. तो उतरायला लागला की आधी घड्याळ रेंगाळतं आणि पुरता संपला की सेटिंग पुसून कारखान्यातून आलेलं मूळ सेटिंग परत बसतं. भाच्याने डिस्क 'एएचसीआय' या पद्धतीवर लावून विंडोज टाकली होती. जुन्या बोर्डाचं मूळ सेटिंग मात्र 'आयडीई'. त्यामुळे धडधाकट डिस्कवरची धडधाकट विंडोज स्वतःची डिस्क वाचू शकेना. सेल बदलायचा, सेटिंगमध्ये ती एक ओळ पूर्ववत करायची, की सगळं जागेवर. दुकानदाराने आपोआप बदललेल्या सेटिंगवरच नवी विंडोज टाकली, म्हणून ती चालली आणि त्याला वाटलं दुरुस्ती झाली.

सेल हातात घेऊन मी दुकानात गेले. "विंडोज जुनीच झाली होती काकू, आता बघा कशी फास्ट चालेल," हे पहिलं उत्तर. दुसरं, "डेटाची जबाबदारी आमची नसते, बोर्ड लावलाय तसा." बोर्ड होता खरा. पण बोर्ड लावला म्हणून न विचारता पुसायचा हक्क मिळत नाही. आठशे रुपये घेतले होते, त्यातला एकही परत केला नाही. हात जोडून 'चुकलं' एवढं म्हटलं असतं तरी मी पैशांचं सोडून दिलं असतं.

तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून सांगते. कॉम्प्युटर लागत नाही म्हणजे नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. बटण दाबून दिवा नाही, पंखा नाही, तर प्लग, स्पाइक बस्टर आणि सीपीयूला वीज देणारा एसएमपीएस यांच्याकडे बघा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात विजेचा भार राहतो. पंखा फिरतो, पडदा काळा आणि बीप वाजते, तर बऱ्याचदा रॅम असते. कोकणातल्या दमट हवेत तिच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. प्लग काढून रॅम बाहेर घ्या, टोकं खोडरबरने हलक्या हाताने पुसा, परत खटकन बसवा. पडद्यावर अक्षरं येतात पण विंडोज येत नाही, तर लावलेले पेन ड्राइव्ह आधी काढा. मशीन कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतं.

मग सुरू करताना डिलीट किंवा एफ टू दाबत राहा, सेटिंगचा पडदा येईल. तिथे काही बदलू नका, दोनच गोष्टी बघा. तारीख बरोबर आहे का, आणि डिस्कचं नाव दिसतंय का. डिस्कचं नाव दिसत असेल तर तुमचं सामान बहुतेक वेळा शाबूत असतं, आणि त्यानंतर फॉरमॅट हा शब्द काढणाऱ्याला कारण विचारा. कॉम्प्युटर चांगला चालू असतानाच या सेटिंगच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्याकडे भाचा होता, सगळ्यांकडे नसतो. नव्या लॅपटॉपवर मात्र हे सेटिंग बदलण्याआधी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली हाताशी असू द्या. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. किल्ली नसेल तर आपलीच डिस्क आपल्याला उघडत नाही.

डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

दुकानात द्यायचाच असेल तर डिस्क घरी काढून ठेवा. दोन वायरी आणि चार स्क्रू. बोर्ड, रॅम, एसएमपीएस तपासायला तुमची डिस्क लागत नाही. ते जमत नसेल तर कुणाकडून उबंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह करून घ्या. त्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो आणि विंडोज बंद असली तरी फायली बाहेर काढता येतात. आणि 'डी सेफ आहे' यावर समाधान मानू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सीमध्येच असतं. बॅकअप ठेवा हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

आता दुकानदारांना नवं निमित्त मिळालंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारा मोफत आधार संपला, म्हणून "जुनी झाली, उडवून टाकू." आधार संपल्याने चालू मशीन बंद पडत नाही. नवी टाकायची तर सामान बाहेर काढून, आपल्या सवडीने टाका.

फॉरमॅट होऊनच गेला असेल तर त्या कॉम्प्युटरवर काहीही करू नका. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फायली त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत राहतात. आमची जुनी हार्ड डिस्क होती म्हणून भाच्याने ती दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने बरंच बाहेर काढलं. एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर काही हाती लागण्याची आशा जवळपास नसते. ज्या फायली मिळाल्या त्यांना नाव नाही, नुसते आकडे. मी एकेक लावून ऐकते आहे. काही ओव्या अख्ख्या आहेत, काही मधेच खरखरीत तुटतात, कारण तिथे नवी विंडोज लिहिली गेली.

पावती घ्या आणि पावतीवर लिहून घ्या: 'ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये.' डिस्कचा नंबरही लिहा. माझ्याकडे पावती म्हणजे नाव आणि आठशे रुपये एवढाच कागद आहे. तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे, आणि निळ्या पडद्याचा तो फोटो पुरावा म्हणून जोडला आहे.