स्ट्रीक तुटली म्हणून काय झालं गं?

बघ, पावलं मोजणारं आणि सलग दिवसांची स्ट्रीक दाखवणारं ते ॲप तू काढून टाकू नकोस. पण त्याच्या धाकातही राहू नकोस. डबे, ऑफिस, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं एवढं सगळं उरकून रात्री साडेदहाला तू हॉलमध्ये येरझाऱ्या घालतेस. का, तर दहा हजार पावलं भरायला हवीत!

अगं, तो आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, तिथून तो पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा एक अभ्यास आला. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही, अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. तू तरुण आहेस, तुला थोडं जास्त चालावं लागेल, पण जीव काढायची गरज नाही. आधी आठवडाभर काहीही न बदलता तुझी पावलं किती होतात ते बघ. मग त्यात हजार घाल, बस्स.

खरं सांगू का, महिन्याभरात तुला ॲपच्या त्या स्ट्रीकच्या खेळाचा कंटाळा येणारच. तो आळस नव्हे, राणी. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा फोन घेऊन चालत खेळायचा खेळ आला तेव्हा अमेरिकेतली तरुण मुलं पहिल्या आठवड्यात रोज साडेनऊशेच्या आसपास पावलं जास्त चालली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा होती तिथेच आली. नवलाई सगळ्यांचीच ओसरते.

टिकतं ते माणसांमुळे. अमेरिकेतच सहाशेवर नोकरदारांच्या एका अभ्यासात काहींना २४ आठवडे पावलांचा असाच खेळ दिला होता, काहींना नुसतीच पावलं मोजायला दिली होती. दर आठवड्याला ७० गुण हातात द्यायचे, चुकलेल्या दिवसाचे १० कापायचे आणि सोमवारी पुन्हा नवे ७०. किती शहाणपणाचं आहे बघ! मंगळवार बुडाला म्हणून महिना वाया जात नाही. त्यातल्या ज्यांना तिघातिघांच्या गटात चुरस लावून दिली, ते खेळ थांबल्यावरही नुसती पावलं मोजणाऱ्यांपेक्षा जास्त चालत राहिले.

तेव्हा माझं ऐक. पावलं भरायची आठवण करणारा रात्रीचा तो अलार्म आजच बंद कर. घरात वावरताना फोन ओट्यावर ठेवू नकोस, गाऊनच्या खिशात टाक, म्हणजे झाडलोट आणि जिनेही मोजले जातील. तुझ्या वरच्या मजल्यावरची मैत्रीण आणि तुझी नणंद, दोघींना घेऊन तिघींचा ग्रुप कर. हिशोब सोमवारपासून. आणि नणंद पुढे गेली तर चिडायचं नाही हं, दुसऱ्या दिवशी एक बसस्टॉप आधी उतरायचं.