रात्र साडेबाराला सुरू होते

अरे, तू विचारलंस ते बरं झालं. माद्रिदच्या चुएका या समलिंगी वस्तीच्या स्टेशनवर उतरायचं, सरकत्या जिन्यापर्यंत जायचं आणि तिथूनच उलट्या पावली परत फिरायचं, हे करणारा तू काही पहिला नाहीस. मी इतकी वर्षं इथे काढली, माझ्या निम्म्या मित्रांनी हेच केलंय. तर आता वर कसं यायचं ते सांगते.

आधी वेळेचं बोलू. पुण्याच्या हिशेबाने नऊला तयार होऊन बाहेर पडलास, तर बारमध्ये तू आणि ग्लास पुसणारा बारवाला एवढेच असाल. इथे लोक जेवायलाच साडेनऊ-दहाला बसतात. रात्र रंगायला लागते साडेबाराला. तीनच्या सुमारास बार मिटतात, मग क्लब भरतात आणि ते सहापर्यंत चालतात. तेव्हा संध्याकाळी एक झोप काढ आणि जेवून जा. कोपा म्हणून जो मोठा ग्लास मिळतो, त्यात बारवाला सैल हाताने ओततो. आपल्याकडच्या साठ मिलीच्या सवयीने मोजायला जाशील, तर दुसऱ्याच ग्लासात आडवा होशील.

पण माझं ऐकशील तर पहिल्या खेपेला रात्री जाऊच नकोस. रविवारी दुपारी जा. प्लाझा दे चुएकाच्या कोपऱ्यावर आंखेल सिएर्रा नावाची जुनी दारूगुत्त्यासारखी जागा आहे, लाकडी कपाटं, रंगीत फरशा. तिथे नळाचा व्हर्मुथ मिळतो. एक ग्लास घे, बरोबर ऑलिव्ह घे आणि चौकात उभा राहा. तुझ्या आजूबाजूला काय चाललंय ते नुसतं बघ. सत्तरीतले दोन आजोबा एकमेकांच्या दंडाला धरून चाललेत, बाबागाडी ढकलणाऱ्या दोन बायका कुणाची तरी वाट बघतायत, आणि कुणाचंही त्यांच्याकडे लक्ष नाही. माझ्या मते कुठल्याही क्लबपेक्षा तुला याची गरज जास्त आहे. रात्रीचा दंगा कुठेही मिळतो, हे असं निवांत दुर्लक्ष सहसा मिळत नाही.

तिथून ओर्तालेथा रस्त्यावर बेर्काना नावाचं पुस्तकांचं दुकान गाठ. मिली एर्नांदेस या बाईंनी ते 1993 साली काढलं. तेव्हाचा चुएका आजच्यासारखा नव्हता. पडकी घरं, गर्दुल्ले, रात्री कुणी फिरकायचं नाही असा भाग. भाडी कमी म्हणूनच तर आपली माणसं तिथे आली, एकेक बार उघडला, घरं दुरुस्त केली. आता त्याच गल्ल्यांमध्ये महागडी दुकानं आलीत आणि ज्यांनी वस्ती वसवली त्यांनाच भाडं झेपत नाही. माझे काही मित्र नाक मुरडून म्हणतात, चुएका संपला, लावापिएस वस्तीत चल. लावापिएस मलाही आवडतो, तिथली टोळकी मोकळी आणि स्वस्त आहेत. पण नवख्याने सुरुवात चुएकातच करावी, यावर मी ठाम आहे.

जवळच प्लाझा दे पेद्रो थेरोलो आहे. थेरोलो हे इथले नगरसेवक आणि चळवळीतले कार्यकर्ते, 2015 साली गेले. समलिंगी विवाहाचा कायदा 2005 साली झाला, त्यामागे त्यांची मोठी धडपड होती. स्पेन हा असा कायदा करणारा जगातला तिसरा देश. आणि त्याच देशात हुकूमशहा फ्रँकोच्या काळात, 1970 च्या ‘सामाजिक धोका’ कायद्याखाली, आपल्यासारख्यांना तुरुंगात टाकत होते. चौकातल्या त्या आजोबांनी दोन्ही पाहिलंय. आपल्याकडे 2018 साली कलम 377 चा फास सुटला, लग्नाला मात्र 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तेव्हा इथल्या एखाद्या आजोबांशी बोलायला मिळालं तर बोल. तुझं स्पॅनिश कच्चं असलं तरी ते समजून घेतात.

आता रात्रीचं. पेलायो रस्ता आणि त्याच्या आजूबाजूला छोटे बार आहेत. कुठे ड्रॅगचा कार्यक्रम, कुठे नुसती गाणी. दाढीवाल्या, केसाळ, पोट सुटलेल्या मंडळींचे बार वेगळे. ते स्वतःला अस्वल म्हणवतात आणि फार गोड असतात. आलास्का या गायिकेचं 1986 सालचं ‘आ किएन ले इम्पोर्ता’ लागलं की सगळा बार घसा ताणून गातो. शब्द येत नसले तरी ओठ हलव. क्लबच्या तिकिटात बहुधा एक पेय धरलेलं असतं, म्हणून कागद फेकू नकोस. रस्त्यावर बिअरचे कॅन विकणारा एखादा बांगलादेशी दादा तुला हिंदीत हाक मारेल. दचकू नकोस, त्याच्याकडे तुझ्या घरचा नंबर नाही. पण कॅन घेऊ नकोस, रस्त्यावर प्यायला दंड आहे. मेट्रो सकाळी सहाला पुन्हा सुरू होते. त्याआधी घरी जायचं तर सिबेलेसच्या चौकातून रात्रीच्या बस सुटतात.

आता जरा कान उघडे ठेव. अॅपवर कुणी ‘भारतीय नको’ लिहील, कुणी तुला बघून योगा आणि कामसूत्राच्या गप्पा मारेल. दोघांनाही उत्तर द्यायचं नाही, सरळ ब्लॉक. तुला कुणाला आवडून दाखवायला आम्ही इथे पाठवलेलं नाही.

ग्लास हातातून सोडायचा नाही. कुणी ‘चिल’ला घरी बोलावलं तर तिथे नुसत्या गप्पा असतील असं समजू नकोस, बहुतेकदा नशा असते. त्यातलं जीएचबी नावाचं द्रव्य दारूवर घेतलं तर श्वास थांबू शकतो. त्यात ‘थोडंसंच’ काही नसतं. कंडोम तुझ्या खिशात हवा, त्याच्या भरवशावर नको. आणि काही गडबड झालीच तर लाजत बसू नकोस. 72 तासांच्या आत इस्पितळाच्या उर्खेन्सियास विभागात, म्हणजे तातडीच्या विभागात, जाऊन एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या सुरू करता येतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. एरवी तपासणीसाठी सान्दोवाल हे सरकारी केंद्र आहे, मोफत. तिथे कुणी भुवया उंचावत नाही.

स्पेन सगळा चुएका नाही, हेही सांगून ठेवते. 2021 च्या जुलैत आ कोरुन्या शहरात एका चोवीस वर्षांच्या मुलाला क्लबबाहेर मारून टाकलं, आणि सगळा देश रस्त्यावर आला. घाबरवत नाहीये. पहाटे एकटा निर्जन गल्लीतून जाऊ नकोस, आणि काही झालं तर 112 लाव, एवढंच.

राहिला फोन. बारमध्ये फोटो काढताना मागे कोण आहे बघ, आणि तुझा फोटो कोण काढतंय तेही बघ. इन्स्टावर आपली अर्धी सोसायटी आहे. इथे भेटलेल्या कुठल्याही मराठी मुलाबद्दल दुसऱ्या मराठी माणसाकडे चकार शब्द काढायचा नाही, कितीही जवळचा असला तरी. यात मी ऐकून घेणार नाही.

ओर्गुयोची, म्हणजे प्राइडची, मिरवणूक जुलैच्या सुरुवातीच्या शनिवारी निघते, आतोचापासून कोलोनच्या चौकापर्यंत. तेव्हा गर्दी लाखांत असते, उकाडा जीवघेणा. टोपी आणि पाणी घेऊन ये, आपण बरोबर चालू. आणि आत्याने फोनवर विचारलं तर मी एवढंच सांगते की पोरगा वेळेवर जेवतो, अभ्यास करतो. बाकीचं कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.