कोपराचा अस्थिभंग आणि आवळलेली पट्टी

चिंचेच्या झाडावरून पडलेले मूल शाळेत आणले जाते, तेव्हा त्याने दुखरा हात बहुधा दुसऱ्या हाताने सावरून धरलेला असतो. पडताना तळहात जमिनीवर टेकतो, अंगाचा सारा भार कोपरावर येतो आणि दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर, जेथे ते चपटे व पातळ असते, तेथे मोडते. हा अस्थिभंग ५ ते ७ वर्षांच्या मुलांत विशेष आढळतो. म्हणजे तो पहिली-दुसरीच्या वर्गांचाच प्रश्न होय.

हाताला रक्त पुरविणारी मुख्य धमनी या हाडाच्या अगदी पुढून जाते. हाड सरकले की ती दबण्याचा संभव असतो. अशा वेळी घरची मंडळी मुलाला हाडवैद्याकडे नेतात. तो हात ओढतो, तेल चोळतो व बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळतो. त्याचा हेतू वाईट नसतो. मोठ्या माणसांची साधी मोडलेली हाडे बरीचशी आपोआपच जुळतात आणि त्याचे यश त्याच्या पदरी पडते. परंतु मुलाच्या कोपराची गोष्ट निराळी आहे. आतील सूज वाढत जाते, पट्टी मात्र सैल होत नाही. रक्तपुरवठा बंद पडलेले स्नायू सुमारे ६ तासांत मरू लागतात. पुढे ते आकसतात व बोटे कायमची आत वळतात. जर्मन शल्यवैद्य रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन करून त्याचा संबंध आवळलेल्या पट्ट्यांशी जोडला होता. हाड यथावकाश जुळते, पण त्या मुलाला लेखणी धरता येत नाही.

म्हणून शिक्षकाने हात सरळ करण्याचा किंवा वाकविण्याचा प्रयत्न करू नये. तो आहे त्याच स्थितीत जाड पुठ्ठ्याच्या आधाराने सैलसर बांधावा. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने मुलाला खाण्यापिण्यास देऊ नये, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयातच त्याला न्यावे.

मूल आधीच पट्टी बांधून आले असेल, तर त्याची बोटे पाहावीत. ती थंड, फिकट वा निळसर पडली आहेत काय, बधिर झाली आहेत काय, आणि हलकेच सरळ केली असता मूल कळवळते काय? यांपैकी एकही लक्षण दिसले, किंवा वेदना सारखी वाढत असली, तर पालकांना समजावून पट्टी तेथेच पूर्ण सोडावी. पट्टी सोडल्याने हाड हलेल, ही भीती पालक हमखास बोलून दाखवितात. हाड पुन्हा बसविता येते. मेलेला स्नायू जिवंत करता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. रुग्णालयात घातलेल्या प्लास्टरखाली ही लक्षणे दिसली, तर मुलाला तत्काळ तेथे परत पाठवावे.

रुग्णालयात हाड बसवून, जरूर तर तारा घालून, साधारणपणे ३ ते ४ आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवतात. प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठ वाटते व आजी तेलाची वाटी घेऊन बसते. कोपर रगडल्याने किंवा बळेच ओढल्याने स्नायूत नवे हाड तयार होऊन सांधा अधिकच आखडू शकतो. मुलाला स्वतःच हात हलवू द्यावा. पाटी पुसणे, फळ्यावर लिहिणे ही कामे त्यास उपयोगी पडतात. कोपर पूर्ववत होण्यास काही महिने लागतात, तोवर त्याला खो-खो व कबड्डीतून डॉक्टरांच्या अनुमतीपर्यंत वगळावे.