पाठीचा कणा मोडल्यावर काम

वऱ्हाडात पाठ मोडण्याचे प्रसंग कसे येतात हे आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. चिंचा झोडपण्यास चढलेला मनुष्य फांदीसह खाली येतो. वरुड-मोर्शीकडील खोल विहिरीत उतरताना दोर सुटतो. कपाशीने भरलेली बंडी नाल्यात उलटते. आणि हल्ली मोटारसायकलीचे अपघात तर नित्याचेच झाले आहेत. सकाळी ज्याच्या मजुरीवर घर चालत होते, त्याला संध्याकाळी स्वतःचा पाय हालविता येत नाही. अशा घरात पहिला प्रश्न निघतो तो "हा पुन्हा चालेल काय?" हा. "हा आता कोणते काम करील?" हा दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही, आणि म्हणून कित्येकांचे आयुष्य बाजेवरच सरते. आज आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहो.

प्रथम इजा कशी होते ते समजून घेऊ. मणक्यांच्या माळेतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूची आज्ञा त्यातून हातापायांस पोहोचते व स्पर्शाची, तापाची, वेदनेची वार्ता त्यातूनच वर जाते. मोडलेला मणका काही महिन्यांनी सांधतो. पण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय अद्याप सापडलेला नाही. इजा मानेत झाली तर हात व पाय दोन्ही जातात. ती पाठीत किंवा कमरेत झाली तर पाय जातात आणि लघवी व शौच यांवरचा ताबाही जातो, परंतु हात शाबूत राहतात. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पडलेल्या मनुष्यास बगलेत धरून उठविणे, बसवून पाणी पाजणे, ऑटोत दुमडून नेणे, ही आमच्याकडील रीत घातक आहे. जो मज्जारज्जू नुसता दबला होता तो अशा हिसक्याने कायमचा जाऊ शकतो. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि हलविणे भागच पडले तर चार-पाच जणांनी मिळून मान व पाठ एका रेषेत धरून त्यास रुंद फळीवर घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रोगी बहुधा एक-दोन वर्षांत दगावत. ते कण्याच्या इजेने नव्हे, तर अंथरुणात पडून झालेल्या जखमांनी व मूत्रपिंडाच्या विकाराने जात. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली या रोग्यांसाठी विभाग उघडला. दर दोन तासांस कूस बदलविणे व मूत्राशयाची काळजी घेणे यांवर त्यांचा कटाक्ष होता. शिवाय त्यांनी रोग्यांस सुतारकाम व घड्याळे दुरुस्त करण्याचे काम दिले. काम हा त्यांच्या मते औषधोपचाराचाच भाग होता.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावयाचे तर मुरलीकांत पेटकर यांचे घ्यावे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे हे गृहस्थ सैन्यात होते व मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. ही गोष्ट आता सर्वांस ठाऊक आहे. पुण्यास टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली, ही गोष्ट मात्र थोडे लोक सांगतात. आम्हांस ती पदकाहून कमी मोलाची वाटत नाही. पदक एखाद्यासच मिळते, महिन्याचा पगार पुष्कळांस मिळू शकतो.

डॉक्टर मेरी व्हर्गीस यांचे उदाहरण आमच्या मुद्द्यास अधिक लागू पडते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील ही तरुण डॉक्टरीण १९५४ साली मोटार अपघातात सापडली व तिचे पाय गेले. उभ्याने करावयाच्या शस्त्रक्रिया तिला बंद झाल्या. पण हातावरची शस्त्रक्रिया सर्जन बसूनच करतो. डॉक्टर पॉल ब्रँड यांच्या मार्गदर्शनाखाली तिने चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात सरळ केले. अचलपूरजवळच्या कोठारा येथील रुग्णालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या कामाची किंमत सांगावी लागणार नाही. धंदा तिने सोडला नाही. त्या धंद्यातील बसून करता येईल तेवढा भाग तिने उचलला.

हाच हिशेब शेतमजुराच्या घरीही मांडता येतो. नांगर, वखर व वेचणी गेली खरी. परंतु संत्र्यांची निवड, कापसाच्या वजनाचा हिशेब, फवारणीच्या पंपांची दुरुस्ती, शिवणयंत्र, पिठाची गिरणी ही बसून होणारी कामे गावातच आहेत. जखमी स्त्री असेल तर तिला कोणी काही विचारीतही नाही. हा अन्याय आम्हांस वारंवार दिसतो.

मात्र बसण्यातही धोका आहे. ज्या कातडीस वेदना कळत नाही ती बसल्या जागी सडते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन अंग उचलावे. अकोल्याच्या वैशाखात तीनचाकीची लोखंडी बैठक मांडी भाजते आणि मनुष्यास त्याचा पत्ताही नसतो. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर तिच्याखाली घाम नीट येत नाही व ऊष्माघात लवकर होतो. अशाने दुपारी सावलीत राहावे व अंगावर ओले फडके ठेवावे.

जे सरकारी चाकरीत आहेत, त्यांस एक सूचना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमान्वये नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास काढता येत नाही, किंवा त्याचा दर्जाही उतरविता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे दिले पाहिजे. ते नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा जागा निर्माण करून ठेवले पाहिजे. तेव्हा शिक्षक असो वा शिपाई, घाबरून राजीनामा लिहून देऊ नये, आणि घरच्यांनीही त्याची सही घेऊ देऊ नये.

मजुरास असा कायदा नाही. त्याचे शेजारी आहेत. एक फूट उंच ओट्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो, आणि खुर्ची सहज जाण्यास दार सुमारे तीन फूट रुंद लागते. गावचा गवंडी व सुतार हे काम दोन-तीन दिवसांत करतात.