अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. महिन्यातला एक आठवडा ती सांगलीला येऊन घरूनच काम करते. कधी कधी रात्री अकरा-साडेअकराला लॅपटॉप मिटते आणि म्हणते, "आई, माझं काही चुकलं नव्हतं गं, ही भाषाच वेडीवाकडी आहे." मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर चुकलं तर पाटीला दोष द्यायचा नाही, असं मुलांना सांगत आले. हे 'नाचता येईना अंगण वाकडं' असं तर नाही ना? आणि भाषा खरोखर वाईट असेल, तर एवढी हुशार माणसं ती दुरुस्त का करत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमची म्हण खोटी नाही, पण तुमची मुलगीही खोटं बोलत नाही. प्रोग्रॅमर दिवसाला दहा चुका करतो. कंस राहतो, नाव चुकतं. संगणक लगेच ओळीचा क्रमांक दाखवून अडवतो, दोन मिनिटांत दुरुस्ती होते, आणि त्यापायी कोणाची झोप जात नाही. जीव मेटाकुटीला येतो तो वेगळ्या चुकीने. तिथे यंत्र तक्रार करत नाही, हो म्हणतं आणि भलतंच करून ठेवतं.

तुमच्या वर्गाचा हजेरीपट घ्या. जावास्क्रिप्ट या भाषेला हजेरी क्रमांक चढत्या क्रमाने लावायला सांगितले. वर्गात नऊ मुलं असतील तर यादी अगदी बरोबर येते. दहावं मूल आलं की क्रम होतो १, १०, २, ३. कारण वेगळं काही सांगितलं नाही, तर ही भाषा आकड्यांना शब्द समजून शब्दकोशासारखं लावते. '१०' ची सुरुवात १ ने, म्हणून तो २ च्या आधी. प्रोग्रॅमरने चाचणी घेतलेली असते पाच नावांवर. सगळं ठीक दिसतं. मग ते चाळीस मुलांच्या वर्गात जातं आणि तिथे बिघडतं.

तारखांचंही असंच. याच भाषेत दिवस १ पासून मोजतात, पण महिने शून्यापासून. जानेवारी म्हणजे ०, ऑगस्ट म्हणजे ७. कोणी सरळ मनाने '२०२४, ८, १५' लिहिलं, तर १५ ऑगस्टऐवजी १५ सप्टेंबर तयार होतो. ३१ जानेवारीसाठी '२०२३, १, ३१' लिहिलं, तर भाषा त्याला ३१ फेब्रुवारी समजते. अशी तारीखच नाही, असं सांगायला हवं ना? ती गुपचूप ३ मार्च लिहून पुढे जाते. एका कामात यामुळे लोकांना हप्त्याची आठवण महिनाभर उशिरा गेली होती. मी आणि माझा एक सहकारी रात्री दोनपर्यंत हिशेबाची सूत्रं तपासत बसलो. सूत्रं निर्दोष होती. चूक त्या एका आकड्यात होती, आणि वाचताना तो आकडा बरोबरच वाटत होता.

आता शिक्षिका म्हणून तुम्हीच निवाडा करा. एक मूल एखाद्या गणितात चुकलं तर आपण मुलाची वही बघतो. चाळीसपैकी तीस मुलं त्याच गणितात, त्याच पायरीवर चुकली, तर? तेव्हा आपण प्रश्नपत्रिका हातात घेतो. प्रोग्रॅमिंगमधल्या या चुका अशाच आहेत. जगभरची शिकलेली, सावध माणसं त्याच खड्ड्यात वर्षानुवर्षं पडत आली आहेत. नियमपुस्तकात खड्ड्याची नोंद आहे म्हणून खड्डा रस्ता होत नाही.

मुळात हे असं का झालं? जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये दहा दिवसांत तयार केला. महिने शून्यापासून मोजण्याची पद्धत जावा या भाषेतून तशीच उचलली. आइक हुशार होते, पण घाई होती. वेबपानांत थोडी हालचाल आणण्यासाठी केलेली ती भाषा पुढे बँकांपासून रेल्वेच्या तिकिटांपर्यंत सगळ्यांच्या पानांत जाऊन बसेल, हे तेव्हा कोणाला दिसणार होतं?

तुमचा दुसरा प्रश्न जास्त खोल आहे : दुरुस्ती का करत नाहीत? याचं उत्तर 'मेक' नावाच्या एका जुन्या साधनात सापडतं. प्रोग्रॅमचे सुटे भाग कोणत्या क्रमाने जोडायचे, हे संगणकाला सांगायचं काम ते करतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात आज्ञेची ओळ कीबोर्डवरच्या टॅबच्या कळीनेच सुरू व्हावी लागते, मोकळ्या जागा चालत नाहीत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं, म्हणून नवखा माणूस तासन्‌तास त्या ओळीकडे बघत राहतो. फेल्डमन यांना ही अडचण थोड्याच आठवड्यांत समजली. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यातले बहुतेक मित्रच. नियम बदलला तर त्यांचं चालतं काम मोडेल, म्हणून त्यांनी तो राहू दिला. डझनभर मित्रांची अडचण टाळली, आणि पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत आलेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाने तिची किंमत मोजली. फेल्डमन यांनी केलं ते दुष्टपणाने नाही, भिडेपोटी. भिडेपोटी राहिलेल्या चुका सगळ्यांत टिकाऊ असतात.

टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांचं मला म्हणूनच फार मोठेपण वाटतं. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू ही भाषा घडवताना त्यांनी 'नल' ही सोय आणली. वस्तूचा पत्ता लिहिलेला आहे, पण त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही, अशा अवस्थेला दिलेलं हे नाव. करायला सोपी होती, म्हणून मोह आवरला नाही. पण त्या रिकाम्या पत्त्यावर जाऊन प्रोग्रॅम कोसळणं, हा पुढे रोजचा अनुभव झाला. २००९ मध्ये होअर यांनी जाहीर व्याख्यानात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. वापरणाऱ्यांनी काळजी घ्यायला हवी होती, असं ते म्हणाले नाहीत. दोष त्यांनी मांडणीकडे, म्हणजे स्वतःकडे घेतला.

वाकड्या मांडणीचा त्रास प्रोग्रॅमरच्या टेबलापाशी थांबत नाही. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' ही माणसाच्या दोन जनुकांची नावं होती. संशोधकांनी ती एक्सेलमध्ये भरली की एक्सेल न विचारता त्यांच्या तारखा करून टाकायचं. कित्येक शोधनिबंधांच्या तक्त्यांत या तारखा शिरल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली : 'मार्चएफ१', 'सेप्टिन१'. एक्सेलमध्ये ही आपोआप होणारी अदलाबदल बंद करण्याची सोय आली २०२३ मध्ये. आधी विज्ञान वाकलं, मग सॉफ्टवेअर.

आपल्या भाषेलाही याची झळ बसते. 'ज्ञानेश्वर' हा शब्द तुम्ही चार अक्षरांचा मोजाल : ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या लेखी तो दहा चिन्हांचा आहे, कारण ज, हलन्त, ञ, काना असं सगळं वेगवेगळं मोजलं जातं. साठवण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण लांबी विचारली की अनेक भाषा हाच आकडा देतात, आणि इंग्रजीपुरता विचार करणारा माणूस फॉर्ममध्ये 'नाव आठ अक्षरांचं' अशी मर्यादा घालतो. मग पावतीवर छापून येतं 'ज्ञानेश्‌', पाय मोडलेलं. ज्याचं नाव असं तोडलं जातं, त्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं.

पण अंगण सपाट करता येतं, फक्त त्याला वेळ आणि धीर लागतो. पायथन या भाषेत पूर्वी ५ भागिले २ चं उत्तर २ यायचं. गणिताच्या बाई म्हणून तुम्हाला ते मान्य होणार नाही. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते २.५ झालं. मात्र अशा बदलांनी जुने प्रोग्रॅम मोडत होते, म्हणून दुसऱ्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळावं लागलं, तब्बल अकरा वर्षं. रस्ट आणि कोटलिन या नव्या भाषा तर रिकाम्या पत्त्याची शक्यता आधीच उघड लिहायला लावतात, त्यामुळे चूक घरातच पकडली जाते. या सुधारणा कोणी केल्या? रात्री उशिरा लॅपटॉप मिटून 'हे असं असायला नको' म्हणणाऱ्या माणसांनीच. त्या वैतागात कामाची माया असते. ज्याला काहीच वाटत नाही, तो वाकड्या अंगणात वाकडा नाचायला शिकतो आणि पुढच्यालाही तेच शिकवतो.

तेव्हा बाई, पुढच्या वेळी 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' असं म्हणू नका. दोन प्रश्न विचारा : तुला काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय? सांगता सांगता बऱ्याचदा गाठ सुटते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आणि तिचा राग शांत झाला, की तिसराही विचारा. तीही रोज कोणासाठी तरी अंगण तयार करतेच आहे. तिने लिहिलेला कोड उद्या दुसरी एखादी मुलगी उघडेल, तिने केलेल्या फॉर्ममध्ये एखादे ज्ञानेश्वर आपलं नाव भरतील. म्हणून विचारा : तुझ्या हजेरीपटात दहावं मूल घालून बघितलंस का?