गुच्छी उभी चिरून बघा

वारुळावरची अळंबी खात वाढलेल्या कोकणी माणसाला रानातली अळंबी ओळखण्याचा अभिमान असतो. हिमाचलात तो गुंडाळून ठेवावा. आपली अळंबी पावसाळ्यातली, तिथली गुच्छी नावाची अळंबी वसंतातली. बर्फ वितळलं की मार्च ते मे या दिवसांत कुल्लू-चंब्याच्या रानात, देवदाराच्या पाचोळ्यातून ती वर येते. रंगही पाचोळ्याचाच. वाळवलेल्या गुच्छीला किलोमागे हजारोंनी भाव मिळतो, म्हणून सगळं गाव पहाटेच रानात जातं.

कुल्लूकडे आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या अम्मा प्रत्येक गुच्छी उभी चिरायच्या. बाहेरून मधाच्या पोळ्यासारखे खळगे दिसले तरी त्यांचं समाधान होत नसे. खरी गुच्छी टोकापासून देठाच्या बुडापर्यंत सलग पोकळ असते आणि टोपीची खालची कड बहुधा देठाला चिकटलेली असते. टोपी नुसती देठाच्या टोकावर टेकलेली, कडा मोकळ्या आणि देठात कापसासारखा गर दिसला, तर ती गुच्छी नव्हे. गुच्छीसारख्या दिसणाऱ्या अळंब्यांत सर्वांत घातक जायरोमित्रा. तिला खळग्यांऐवजी गुबगुबीत वळ्या असतात आणि आत वेडेवाकडे कप्पे. तिचं विष यकृतावर जातं.

आमच्यातल्या एका हौशी स्वयंपाक्याने अम्मांनी पारखून दिलेलीच गुच्छी घेतली आणि ‘कुरकुरीत राहू दे’ म्हणत लोण्यात जेमतेम परतली. रात्रभर उलट्या-जुलाब. ओळख चुकली नव्हती, शिजवणं चुकलं होतं. खरी गुच्छीही कच्ची खाल्ली तर बाधते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ओळख पटली की माणूस निर्धास्त होतो. अमेरिकेत मॉन्टानातल्या बोझमन शहरात २०२३च्या वसंतात एका उपाहारगृहात जेवलेले ५१ जण आजारी पडले, दोघं दगावले. ती गुच्छी रानातली नव्हती, लागवडीची होती आणि खरीच होती. ताटात मात्र कच्ची किंवा अर्धकच्ची आली होती.

तेव्हा गुच्छी आतपर्यंत नीट शिजवा. पहिल्यांदा खाताना थोडीच घ्या, सोबत दारू नको. जायरोमित्राची लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात, म्हणून ‘जेवल्यावर काही झालं नाही’ यावर विसंबू नका. त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.